लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय? अठरा पूर्ण होण्याआधी करायची तयारी

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. सुरुवातीच्या वर्षांत या कार्यक्रमाचं पथक ज्या अंगणवाड्यांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत पोचलं, तिथल्या कितीतरी मुलांच्या छातीत डॉक्टरांना वेगळा आवाज ऐकू आला. मग सिव्हिल हॉस्पिटल, तिथून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), मग मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन. ती मुलं आता अकरावी-बारावीत आहेत, काही कॉलेजात गेली, काही कामाला लागली. आणि या कार्यक्रमाची मर्यादा आहे १८ वर्षं. लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांची ओपीडीही साधारण याच वयात संपते.

हृदयाची गरज मात्र तिथे संपत नाही. म्हणून हा लेख १२ ते २० वयाच्या अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी लिहिला आहे. माझं म्हणणं एकच आहे: आजाराची माहिती, कागदपत्रं आणि तपासणीची जबाबदारी या तिन्ही गोष्टी अठराव्या वर्षाच्या आत आईवडिलांकडून मुलाकडे गेल्या पाहिजेत. हे एका दिवसात होत नाही, त्याला पाच-सहा वर्षं लागतात. त्यामुळे सुरुवात बाराव्या-तेराव्या वर्षी करायची.

आधी एक गैरसमज दूर करू

"ऑपरेशन झालं, आता एकदम बरा आहे." हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं आणि ते प्रेमापोटीच येतं. काही मुलांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही असतं. लहानसं छिद्र आपोआप बुजलं असेल, किंवा लहानपणीच पीडीए (हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी, जन्मानंतर मिटायला हवी अशी वाट) पूर्ण बंद झाला असेल आणि मागे काही दोष उरला नसेल, तर पुढे फार तपासण्या लागत नाहीत. पण हे ठरवायचं डॉक्टरांनी, आणि ते त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. बाकी बहुतेक मोठ्या ऑपरेशनांत हृदयाची दुरुस्ती होते. ते मुळापासून नवं होत नाही.

यातलं एक उदाहरण नीट समजून घेऊ, कारण ते पुष्कळ घरांत आहे: टेट्रालॉजी ऑफ फॅलो. बाळ रडताना निळं पडायचं, धावता धावता उकिडवं बसायचं, असं ज्या आया सांगतात त्यांच्या मुलांना बहुधा हाच आजार होता. यात चार दोष एकत्र असतात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असतं, फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद असते, महाधमनी त्या छिद्राच्या वर सरकलेली असते आणि उजव्या खालच्या कप्प्याचा स्नायू जाड झालेला असतो. १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग, आल्फ्रेड ब्लेलॉक आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नांतून अशा मुलांवर पहिली शंट शस्त्रक्रिया (फुप्फुसाकडे जास्त रक्त पोचवणारी जोडवाट करणं) झाली. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून आतली पूर्ण दुरुस्ती केली. आज आपल्याकडे हे ऑपरेशन शक्यतो लहान वयातच होतं. छिद्रावर ठिगळ लावतात आणि अरुंद वाट रुंद करतात.

ती वाट रुंद करताना बऱ्याच मुलांची फुप्फुसाच्या तोंडाशी असलेली झडप कापावी लागते. झडप नीट मिटत नाही, म्हणून फुप्फुसाकडे गेलेलं थोडं रक्त दर ठोक्याला उजव्या कप्प्यात परत येतं. मूल गुलाबी झालेलं असतं, खेळतं, शाळेत जातं, धाप लागत नाही. कप्पा मात्र वर्षानुवर्षं हळूहळू फुगत असतो. विशीत किंवा तिशीत एक वेळ अशी येते की नवी झडप बसवायला हवी, आणि ती कप्पा हाताबाहेर जाण्याआधी बसवायला हवी. उशीर झाला तर झडप बसते, पण कप्पा मूळ आकाराला येत नाही. हृदयाची लय बिघडण्याचा धोकाही वाढतो. ही योग्य वेळ रुग्णाला जाणवणाऱ्या त्रासावरून कळत नाही. ती ईसीजी, इको आणि मुख्यतः हृदयाच्या एमआरआयवरून कळते, कारण उजव्या कप्प्याचं नेमकं माप एमआरआयमध्ये मिळतं. 'त्रास झाला की दाखवू' हा हिशेब इथे चुकतो तो यासाठी.

इतर आजारांची गोष्ट थोडक्यात सांगतो. महाधमनी आकसलेली असेल आणि ऑपरेशनने किंवा फुग्याने ती मोकळी केली असेल, तर रक्तदाबावर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं. हा दाब उजव्या हाताला मोजायचा. एकच कप्पा कामाचा असल्याने फोंटान शस्त्रक्रिया (शरीरातून परतणारं रक्त थेट फुप्फुसाकडे वळवणारी) झालेल्यांना हृदयाबरोबर यकृताचीही नियमित तपासणी लागते. मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल करून जागा दुरुस्त केली असेल, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांकडे पाहावं लागतं. कृत्रिम नळी किंवा झडप बसवलेली असेल तर ती कधीतरी बदलायची आहे हे आधीपासून धरून चालायचं.

बारा-तेरा वर्षं: मुलाला त्याच्या आजाराचं नाव सांगा

या वयात पहिलं काम बोलण्याचं आहे. मुलाला विचारून पाहा, "तुला काय झालं होतं?" बहुतेक उत्तर येतं, "हृदयाला छिद्र होतं." यापुढे त्याला काही ठाऊक नसतं, कारण आपण कधी सांगितलेलंच नसतं. छातीवरचा व्रण तो रोज आरशात पाहतो. प्रश्न त्याच्या मनात असतातच, फक्त घरात कोणी त्यावर बोलत नाही.

मुलाला पाच गोष्टी पाठ नव्हे, तर समजलेल्या असाव्यात: आजाराचं पूर्ण नाव, कोणत्या वर्षी कोणतं ऑपरेशन झालं, आता काय उरलं आहे, कोणती गोळी कशासाठी चालू आहे, आणि पुढची तपासणी कधी आहे. कागदावर हृदयाचं चित्र काढून सांगा. डॉक्टरांनाच काढायला सांगितलं तर अधिक चांगलं. त्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

यानंतर ओपीडीत एक बदल करा. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाला आईने उत्तर द्यायचं नाही. दम लागतो का, झोप कशी आहे, गोळी चुकते का, हे मुलानेच सांगायचं. पहिल्या वेळी तो आईकडे बघेल. बघू द्या, पण उत्तर त्यालाच देऊ द्या. चौदा-पंधराव्या वर्षापासून डॉक्टरांना विनंती करून तपासणीतली शेवटची पाच-दहा मिनिटं मुलाला एकट्याला मिळवून द्या. सिगारेट, तंबाखू, मैत्रीण-मित्र, मासिक पाळी, भीती, हे विषय आईवडिलांसमोर निघत नाहीत.

याला आधार आहे. कॅनडात टोरांटोच्या बाल रुग्णालयातून बाहेर पडलेल्या, गुंतागुंतीचा जन्मजात हृदयविकार असलेल्या १९ ते २१ वयाच्या ३६० जणांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतले फक्त ४७ टक्के प्रौढांच्या विशेष केंद्रात पोचले होते. तिथे तर अशी केंद्रं आहेत आणि उपचाराचा खर्च सरकार करतं. जे पोचले त्यांच्यात काही गोष्टी जास्त करून आढळल्या: डॉक्टरांनी पुढच्या केंद्राची शिफारस कागदावर लिहिलेली होती, आपल्याला अशा केंद्राची गरज आहे हे त्यांना स्वतःला पटलेलं होतं, आणि ते तपासणीला घरच्यांशिवाय जात होते. या तिन्ही गोष्टींना पैसे लागत नाहीत.

चौदा-पंधरा वर्षं: फाईल पूर्ण करा

हे काम कंटाळवाणं आहे आणि पुढे ढकललं जातं. पण या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

बहुतेक घरांत डिस्चार्ज कार्ड जपलेलं असतं. ते पुरेसं नसतं. प्रौढांच्या डॉक्टरांना हवी असते ऑपरेशन नोट, म्हणजे शस्त्रक्रियेत नेमकं काय केलं, कुठे ठिगळ लावलं, झडप ठेवली की कापली, याची सर्जनची सविस्तर नोंद. ती घरी सहसा दिलेली नसते, मागावी लागते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपणं बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. अनेक मोठी रुग्णालयं नोंदी याहून जास्त काळ ठेवतात, पण त्यावर विसंबू नका. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या. नोंदणी क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीख लिहा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

ऑपरेशन नोटबरोबर फाईलमध्ये या गोष्टी हव्यात: सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा इको, कॅथ (रक्तवाहिनीतून नळी घालून केलेली हृदयाची तपासणी) झाली असेल तर तिचा अहवाल आणि सीडी, एमआरआयचा अहवाल, ईसीजी, चालू गोळ्यांची चिठ्ठी, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का ते. झडप, छिद्र बंद करणारं डिव्हाइस किंवा पेसमेकर बसवला असेल तर त्याचं कार्ड हवंच, त्यावर कंपनी, मॉडेल आणि क्रमांक असतो. पुढे एमआरआय करायची वेळ आली की पहिल्यांदा तेच कार्ड मागतात.

ईसीजीचा कागद उष्णतेवर चालणारा असतो, काही वर्षांत त्यावरची रेघ पुसट होते. त्याची लगेच झेरॉक्स काढा. जपून राहावा म्हणून लॅमिनेशन करायला जाऊ नका, त्या उष्णतेने कागद काळा पडतो. इकोच्या चकचकीत छापील चित्रांचंही असंच होतं. सगळे कागद मोबाइलवर स्कॅन करा आणि दोन ठिकाणी ठेवा, एक मुलाच्या फोनमध्ये आणि एक घरातल्या कोणाच्या तरी ईमेलवर. आयुष्मान भारत आरोग्य खातं, म्हणजे १४ अंकी आभा क्रमांक काढला तर कागद तिथेही जोडून ठेवता येतात.

आता नावाची अडचण. जन्मल्या जन्मल्या ऑपरेशन झालेल्या मुलांच्या कागदावर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव असतं. काहींच्या कागदावर घरातलं लाडाचं नाव असतं, आधारवर दुसरंच. पुढे मुलीचं लग्न होतं आणि आडनाव बदलतं. मग ही फाईल याच व्यक्तीची आहे हे सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवर सिद्ध करता करता दमछाक होते. अठराच्या आत रुग्णालयाच्या नोंदीत नाव दुरुस्त करून घ्या. ते जमलं नाही तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह घ्या.

शेवटी, डॉक्टरांकडून एका पानाचा गोषवारा लिहून घ्या. त्यात निदान, ऑपरेशनं वर्षांसह, उरलेले दोष, औषधं, नेहमीचा ऑक्सिजन आणि रक्तदाब, आणि तातडीच्या वेळी काय करायचं व काय टाळायचं, एवढं असावं. ओठ-नखं अजून निळसर असलेल्या मुलांसाठी 'नेहमीचा ऑक्सिजन' ही नोंद फार महत्त्वाची. बोटाला लावलेल्या यंत्रावर ८२ दिसलं की अनोळखी डॉक्टर घाबरतात, पण त्या मुलाचा रोजचाच आकडा कदाचित तो असतो.

सोळा-सतरा वर्षं: नवे डॉक्टर शोधा, जुने सोडू नका

खरी अडचण इथे आहे. मोठ्यांचे हृदयरोगतज्ज्ञ आता जिल्ह्याच्या गावीही भेटतात, पण त्यांचं रोजचं काम ब्लॉकेज, अँजिओप्लास्टी आणि रक्तदाबाचं. लहानपणी दुरुस्त केलेलं हृदय पाहायची सवय सगळ्यांना नसते. जन्मजात हृदयविकारासोबत वाढलेल्या प्रौढांसाठी वेगळी ओपीडी चालवणारी केंद्रं आपल्या देशात थोडीच आहेत. म्हणून शोध सुरू होतो तो सध्याच्या बालहृदयरोगतज्ज्ञांपासून. त्यांना सरळ विचारा, "अठरानंतर आम्ही कोणाकडे जायचं?" नाव लिहून घ्या आणि त्या नावाने पत्र घ्या. 'कोणाही कार्डिओलॉजिस्टला दाखवा' हे उत्तर स्वीकारू नका.

काही बालहृदयरोगतज्ज्ञ आपल्या जुन्या रुग्णांना अठरानंतरही पाहतात. एकाच इमारतीत किंवा एकाच संस्थेत लहानांचा आणि मोठ्यांचा असे दोन्ही विभाग असतील तर फारच सोयीचं, कारण जुने कागद तिथेच असतात आणि दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलू शकतात. नव्या डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका: अशा आजाराचे मोठे झालेले रुग्ण तुम्ही पाहता का, हृदयाचा एमआरआय इथे होतो का, पुन्हा ऑपरेशन लागलं तर जन्मजात हृदयविकाराचे सर्जन आहेत का.

खेड्यातून दर वेळी मुंबई-पुण्याला जाणं जमत नाही, हे खरं आहे. त्यावर मला व्यवहार्य वाटणारी व्यवस्था अशी: वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील त्या अंतराने, मोठ्या केंद्रात पूर्ण तपासणी करायची. मधल्या काळात रक्तदाब, रक्ताच्या तपासण्या आणि किरकोळ दुखण्यासाठी गावाजवळचे एक फिजिशियन पक्के करायचे. त्यांना तो एक पानी गोषवारा आधीच देऊन ठेवायचा. ऑपरेशनसाठी जावं लागलं तर हृदयरुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यायचा असतो.

डॉक्टर बदलण्याची वेळही निवडा. बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर, तब्येत बिघडलेली असताना किंवा मुलगी गरोदर असताना हा बदल करू नका. नव्या डॉक्टरांची पहिली भेट प्रत्यक्ष होईपर्यंत जुन्या ठिकाणची तारीख रद्द करायची नाही. शक्य असेल तर त्या पहिल्या भेटीला आईवडिलांनी सोबत जावं, पण खुर्चीवर मुलाने बसावं.

पैशांचं आधी पाहून ठेवा

बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ ला थांबतो, पण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेला वयाची अट नाही. आता ती आयुष्मान भारतबरोबर जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, पहिली चौकशी त्यांच्याकडे करा. हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आहे. अडचण बहुधा रेशनकार्डाशी येते: मुलाचं नाव कार्डावर नाही, आधारशी जुळत नाही, किंवा लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालं आणि सासरच्या कार्डात चढलंच नाही. ऑपरेशनची तारीख आल्यावर हे धावपळीत होत नाही, आत्ताच करून ठेवा.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला हाताशी ठेवा आणि तिथल्या समाजसेवा विभागात भेटा.

खासगी आरोग्य विमा घेताना आजार लपवू नका. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांचा ठेवता येतो. लपवलेला आजार दावा फेटाळायला कारण देतो. आईवडिलांच्या पॉलिसीत मूल कोणत्या वयापर्यंत चालतं ते पाहा, अनेक पॉलिसींत ही मर्यादा २५ वर्षं असते. ती संपण्याआधी मुलाची स्वतंत्र पॉलिसी त्याच कंपनीत सुरू करता येते का, ते विचारा.

आता थेट तुझ्याशी बोलतो

हा भाग आईवडिलांनी वाचला तरी चालेल, पण तो तुझ्यासाठी आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर तुझ्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही तुझी लागते. म्हणून प्रश्न विचारायची सवय आत्ताच लाव. समजलं नाही तर "पुन्हा सांगाल का?" म्हण. डॉक्टर घाईत असले तरी हा तुझा हक्क आहे.

दात घासणं तुझ्यासाठी हृदयाचं काम आहे. किडलेल्या दातातून आणि सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात जातात आणि हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग होऊ शकतो. कृत्रिम झडप असेल, असा संसर्ग पूर्वी झाला असेल, आजार अजून निळेपणाचा असेल, किंवा ठिगळ-डिव्हाइस बसवून सहा महिने झाले नसतील, तर दात काढण्यासारख्या कामाआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा डोस लागतो. ठिगळाच्या कडेने गळती उरली असेल तरीही लागतो. तू यांपैकी कशात बसतोस किंवा बसतेस, ते डॉक्टरांकडून लिहून घे आणि दाताच्या डॉक्टरांना दाखव. टॅटू आणि नाक-ओठ टोचून घेण्याआधीही विचार.

ताप चार-पाच दिवस उतरत नसेल तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाऊ नकोस. आधी रक्ताचं कल्चर, मग औषध. हा क्रम उलटला तर संसर्ग पकडणं अवघड होतं आणि निदान लांबतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती रोज ठरलेल्या वेळी घ्यायची आणि पीटी-आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं ते सांगणारी तपासणी) सांगितलेल्या तारखेला करायची. तुझा आकडा कितीपासून कितीपर्यंत हवा, हे तुला माहीत पाहिजे. पालक, मेथी खायला बंदी नाही, पण आज भरपूर आणि पुढचे दहा दिवस अजिबात नाही, असं करू नकोस. अंगदुखीची गोळी, जुलाबाची गोळी, आयुर्वेदिक काढा, काहीही सुरू करण्याआधी विचार. काही औषधांनी आकडा वर जाऊन रक्तस्राव होतो. कबड्डी, कुस्ती, क्रिकेटचा सीझन बॉल यांत मार लागतो, ते या गोळीवर असताना टाळायचं.

व्यायाम करायचा नाही, असं तुला लहानपणापासून सांगितलं असेल. बहुतेकांसाठी ते खरं नाही. चालणं, सायकल, पोहणं, किल्ल्यावर जाणं, हे अनेकांना जमतं आणि चांगलंही असतं. तुला किती झेपतं हे ट्रेडमिलवरच्या चाचणीतून कळतं. श्वास रोखून जड वजनं उचलणं मात्र बऱ्याच आजारांत नको. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना हे आधीच सांगतो, मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. सराव सुरू करण्याआधी हृदयाची चाचणी करून घे. व्रण शर्टाखाली झाकला जातो, धावताना बिघडलेली लय झाकता येत नाही. फोंटान झालेल्यांनी आणि निळेपणा असलेल्यांनी निर्जळी उपास धरू नये, पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होऊन गुठळीचा धोका वाढतो. देवाला पाणी पिऊन केलेला उपास चालतो, हे आजीला सांग.

हॉस्टेलवर राहायला गेलास तर एका तरी खोलीसोबत्याला खरं सांग. धडधड अचानक सुरू होऊन थांबेना, चक्कर येऊन पडलास, थुंकीतून रक्त आलं, छातीत दुखलं, पाय सुजले किंवा रात्री उताणं झोपता येईना, तर १०८ ला फोन करायचा आणि फोनमधला गोषवारा डॉक्टरांना दाखवायचा, हे त्याला ठाऊक असू दे.

मन जड होतं, भीती वाटते, आपण इतरांसारखे नाही असं वाटतं, याही गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या. लहानपणी वारंवार रुग्णालयात राहिलेल्या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य पुष्कळ दिसतं आणि त्यावर उपचार आहेत.

मुली, लग्न आणि बाळंतपण

सगळ्यात जास्त लपवाछपवी इथे होते आणि तिची किंमत मुलीला मोजावी लागते. 'ऑपरेशनचं सासरी सांगू नका' असा सल्ला नातेवाईक देतात. मग गरोदरपणात पाचव्या महिन्यात दम लागतो आणि प्रसूतितज्ज्ञांना काहीच माहिती नसते. माझं मत स्पष्ट आहे: लग्न ठरण्याआधी मुलीने स्वतः हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावं आणि होणाऱ्या नवऱ्याला खरं कळलेलं असावं.

चांगली बातमी अशी की जन्मजात हृदयविकार असलेल्या अनेक मुली सुखरूप आई होतात. डॉक्टर धोक्याचे गट पाडतात. बंद झालेलं साधं छिद्र कमी धोक्याच्या गटात येतं. फॅलोची चांगली दुरुस्ती झालेल्या मुलींचं बाळंतपणही बहुधा नीट पार पडतं, पण झडपेची गळती आणि उजवा कप्पा आधी तपासलेला हवा. गरोदर राहू नये असं सांगावं लागणारे आजारही आहेत. मोठं छिद्र वर्षानुवर्षं राहून फुप्फुसातला दाब कायमचा वाढलेला असेल, ज्याला आयझेनमेंगर म्हणतात, तर गरोदरपणात आईच्या जिवालाच मोठा धोका असतो.

रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पाळी चुकल्यावर नव्हे, गर्भधारणेचा विचार करतानाच डॉक्टरांना भेटायचं. पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, ती गर्भाला अपाय करू शकते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं मात्र त्याहून धोक्याचं, कृत्रिम झडपेत गुठळी होते. गर्भनिरोधनाचंही विचारून घ्यायचं. नेहमीच्या मिश्र गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो, म्हणून फोंटान किंवा निळेपणा असलेल्या मुलींना त्या देत नाहीत, दुसरे उपाय असतात. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सणासुदीला सर्रास मेडिकलमधून आणल्या जातात, त्याही विचारल्याशिवाय नकोत.

आई किंवा वडील, दोघांपैकी कोणालाही जन्मजात हृदयविकार असेल तर बाळाला तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. म्हणून १८ ते २२ आठवड्यांत गर्भाच्या हृदयाचा इको करून घ्यावा. हे मुलांनीही लक्षात ठेवायचं. नवऱ्याला आजार होता हे सांगायचं राहून जातं.

आधीच खंड पडला असेल तर

वय २२-२३ झालं, शेवटची तपासणी शाळेत असताना झाली, फाईल पुरात गेली किंवा घर बदलताना हरवली, अशी मंडळी खूप आहेत. कोणी रागावेल या भीतीने दवाखाना टाळू नका. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे नाव, जन्मतारीख आणि अंदाजे वर्ष देऊन नोंदी शोधायला सांगा. योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर त्या दाव्यासोबतही काही कागद जोडलेले असतात, आरोग्यमित्राकडे विचारा.

कागद मिळाले नाहीत तरी वाट बंद होत नाही. व्रणाची जागाही बरंच सांगते. छातीच्या मधोमध उभा व्रण असेल तर हृदयावरचं मोठं ऑपरेशन, बरगड्यांच्या कडेने पाठीकडे जाणारा असेल तर शंट, पीडीए किंवा महाधमनीचं काम झालेलं असू शकतं. असा बाजूचा व्रण असेल तर रक्तदाब दोन्ही हातांना मोजायला सांगा, कारण जुन्या शंटमुळे एका हाताची नाडी मंद लागते आणि त्या हातावर दाब खोटा कमी दिसतो. आईवडिलांना आठवेल ते लिहून काढा: किती महिन्यांचं असताना, कोणत्या रुग्णालयात, निळं पडायचं का, एक ऑपरेशन की दोन. जवळच्या हृदयरोग ओपीडीत ईसीजी आणि इको करून घ्या आणि तिथून जन्मजात हृदयविकार पाहणाऱ्या केंद्रासाठी पत्र मागा. पहिल्याच भेटीत सगळं कळणार नाही. एमआरआय किंवा २४ तासांचा होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) सांगतील, त्याच्या तारखा लांबच्या मिळतील. तरी केस पेपरवर पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय ओपीडीतून बाहेर पडू नका.